कारल्यावरची माशी आणि उषस्तीच्या घुगऱ्या

कांदेनवमीला कांद्याची शेवटची भजी होतात आणि आषाढी एकादशीपासून अनेक मराठी घरांत कांदा, लसूण, वांगे चार महिने बंद होते. मग श्रावणी सोमवार, शनिवार, जिवतीचे शुक्रवार. नागपंचमीला तर काही चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही. जमिनीखालच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून. वर्षातले सर्वांत जास्त नेमधर्म या चार महिन्यांत येतात. परसातल्या आणि गच्चीवरच्या भाज्यांना सर्वांत जास्त कीडही याच चार महिन्यांत लागते. आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा दमट, वेलींना कोवळी लुसलुशीत फूट, आणि फवारलेले काहीही तासाभरात धुऊन नेणारा पाऊस. चवळीच्या शेंड्यावर मावा, भेंडीवर तुडतुडे, काकडीच्या पानांवर तांबडे भुंगेरे, कुंड्यांच्या बुडाशी गोगलगाई. नागपंचमीला ज्या हातांनी विळी बाजूला ठेवली, त्याच हातांना दुसऱ्या दिवशी या सगळ्यांचे काय करायचे ते ठरवावे लागते.

कारल्याचा वेल घ्या. फळमाशी घरमाशीसारखीच दिसते, पण अंगाने तांबूस, पंखांवर डाग असलेली. मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार नळी असते. फूल सुकून कारले बोटाएवढे होते न होते, तोच ती ही नळी सालीत खुपसून आत अंडी घालते. वरून दिसतो तो टाचणीच्या टोकाएवढा ओलसर ठिपका आणि त्यातून पाझरलेला चिकट थेंब. काही दिवसांत कारले त्या बाजूला वाकडे होते, अकाली पिवळे पडते. चिरून पाहिले तर आत पांढरट अळ्या वळवळत असतात. पूर्ण वाढलेली अळी अंगाची दोन टोके जुळवून उडी मारते, मातीत शिरते आणि तिथे कोष करते. त्या कोषातून नवी माशी बाहेर पडते ती पुढच्या कारल्यासाठीच.

हिला मारावे का? प्रश्न छोटा दिसतो. पण भारतातल्या धर्मविचाराने ज्या प्रश्नाशी सर्वांत दीर्घ झुंज घेतली, तो हाच आहे.

चातुर्मासाची मुळे या प्रश्नातच आहेत. बौद्ध विनयातल्या महावग्गात वर्षावासाची हकीकत येते. राजगृहाजवळच्या वेळुवनात बुद्धांचा मुक्काम असताना लोकांनी तक्रार केली: इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी करून थांबतात आणि हे भिक्षू मात्र हिरवे गवत तुडवीत, लहान-लहान जीव चिरडीत फिरतात. त्यानंतर भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे असा नियम झाला. जैन मुनी आजही चातुर्मासात विहार थांबवतात, त्यामागे हेच कारण आहे. बौद्ध भिक्षूने जमीन खणू नये, झाडझाडोरा तोडू नये, ज्यात जीव आहेत हे माहीत आहे असे पाणी गवतावर किंवा मातीवर ओतू नये, हेही नियम विनयात आहेत. म्हणजे भिक्षूला भाजीचा वाफा करायचीच मुभा नाही. त्याचा प्रश्न वाफ्याबाहेर राहूनच सुटतो. भिक्षापात्रात पडणारी भाजी मात्र कोणीतरी पिकवलेली असते, त्या कोणाचा प्रश्न सुटत नाही.

गृहस्थाशी बोलताना परंपरा जास्त मोकळेपणाने बोलते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात घरातल्या पाच वधस्थानांचा उल्लेख आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. मुंगी चुलीत जाते, दाण्यातली अळी जात्यात भरडली जाते, झाडूखाली काय काय मरते याला गणती नाही. कत्तलखान्याचे नाव देऊन ज्या वस्तू मोजल्या आहेत त्या घरातल्या सर्वांत निरुपद्रवी वस्तू आहेत आणि त्या रोज हाताळल्यावाचून जेवण होत नाही. त्यावर सांगितलेला उतारा म्हणजे पाच महायज्ञ. त्यातल्या भूतयज्ञात कुत्रा, कावळा, किडा-मुंगी यांच्यासाठी जमिनीवर अन्न ठेवायचे. घरोघरी मुंग्यांना घातली जाणारी साखर-रव्याची चिमूट याच विचाराच्या नात्यातली म्हणावी लागेल. याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीबद्दल म्हटले आहे की लोक तिला चांगली मानतात, पण लोखंडी फाळाचे लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जिवांना इजा करते, म्हणून सज्जन तिची निंदा करतात. महाभारतात तुलाधार वाण्यानेही जाजली या तपस्व्याला हेच ऐकवले आहे. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध मात्र पुढे जाऊन कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगर चालवताना असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, आणि जगणारा कोणीही हिंसेवाचून जगत नाही. मांस विकणाऱ्याच्या तोंडी हे वचन घालण्यात महाभारतकारांचे धाडस आहे.

ज्यांनी अहिंसा सर्वांत कडक पाळली, त्यांच्यातही शेतकरी आहेत, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. कोल्हापूर-सांगली भागातला जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या काळ्या रानात राबतो आहे; ऊस, भाजीपाला, द्राक्ष पिकवतो आहे. जिनसेनाच्या आदिपुराणात तर पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी माणसांना शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहे. हा मेळ बसावा म्हणून जैन आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार केले. ठरवून, जीव घ्यायच्याच हेतूने केलेली ती संकल्पी; घरकामात घडणारी ती आरंभी; उपजीविकेच्या धंद्यात घडणारी ती उद्योगी; आणि स्वसंरक्षणात घडणारी ती विरोधी. मुनीला चारही वर्ज्य. श्रावकाने संकल्पी पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन शक्य तेवढ्या कमी करायच्या. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याआधी प्रमादाचा उल्लेख येतो. बेसावध, विकाराच्या आहारी गेलेल्या मनाने घेतलेला प्राण ही हिंसा. हिंसेचे मूळ अशा रीतीने लक्ष नसण्यात शोधले, की बागेतल्या कामाकडे पाहण्याची सगळी नजरच बदलते.

पण कारल्यावरची माशी या चारांपैकी कशात बसते? नांगराखाली गांडूळ सापडले तर ते अजाणता. माशी मात्र जाणूनबुजून मारायची आहे. उपजीविका म्हणावी तर गच्चीवरच्या चार कुंड्यांवर कोणाचे घर चालत नाही. स्वसंरक्षण म्हणावे तर माशीने माणसावर हल्ला केलेला नाही, तिने कारल्यावर केला आहे. घरची बाग या वर्गवारीत अवघडून बसते, आणि म्हणूनच ती विचाराला उपयोगी आहे.

हंगाम वाईट आहे, म्हणून नियम थोडा सैल करावा, असे मनात येते. संकटकाळी सवलत मिळते का, यावर परंपरेत दोन उत्तरे आहेत. योगसूत्रांत पतंजली म्हणतात की जात, देश, काल, प्रसंग यांपैकी कशाचीही मर्यादा न घालता पाळलेली अहिंसा हेच महाव्रत. म्हणजे पावसाळा ही सबब चालत नाही. दुसरीकडे शांतिपर्वातला आपद्धर्म आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या घरातले कुत्र्याचे मांस उचलतात आणि त्या कृतीचे भर रात्री त्याच चांडाळाशी वाद घालून समर्थन करतात. या दोन टोकांमध्ये छांदोग्य उपनिषदातली एक लहान गोष्ट आहे. वाफ्यात उभे राहून विचार करणाऱ्याला तिच्याइतके नेमके काही सापडत नाही.

कुरुदेशातली पिके नष्ट झाली होती. ते संकट गारा-विजांचे होते की टोळधाडीचे, याबद्दल भाष्यकार आणि आधुनिक अभ्यासक यांच्यात एकमत नाही. उषस्ती चाक्रायण हा विद्वान ब्राह्मण बायकोसह एका गावात हलाखीत राहत होता. कोणी एक जण घुगऱ्या खात बसला होता, त्याच्याकडे उषस्तीने त्या मागितल्या. तो म्हणाला, आहेत त्या एवढ्या उष्ट्याच. उषस्तीने त्या घेतल्या. मग त्या माणसाने पाणीही पुढे केले. उषस्ती म्हणाला, नको, ते उष्टे होईल. मग घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या का? उषस्तीचे उत्तर असे की त्या खाल्ल्या नसत्या तर जगलो नसतो, पाणी तर मला हवे तेव्हा मिळते. ब्रह्मसूत्रांत याच गोष्टीच्या आधारे निर्णय दिला आहे की वाटेल त्या अन्नाची परवानगी फक्त प्राण जाण्याची वेळ आली तरच.

उषस्तीने नियम मोडला, आणि तो नेमका गरज होती तेवढाच मोडला. आपत्तीत एक दार उघडले म्हणून सगळे घर उघडे टाकायचे नाही, आणि उपाशी मरण्याची वेळ आली तरी दाराला कडी लावून बसायचेही नाही. प्रत्येक घासाला वेगळे विचारायचे: याच्यावाचून अडते का?

हा प्रश्न शेतकऱ्याला आणि गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्याला एकाच वेळी विचारला तर उत्तरे वेगळी येतात. २०२२ च्या खरिपात लातूर-बीड भागात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगाईंच्या झुंडी आल्या आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. पिकावर कर्ज असलेल्या माणसाने त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या, तर ती उषस्तीची घुगरी आहे. गच्चीवर दोन कारली गेली तर मंडईत कारली मिळतात. तिथे विषाची बाटली काढणे हे उष्टे पाणी पिणे झाले. प्राण जाण्याची वेळ आलेली नाही, गेला आहे तो फक्त हौसेचा माल.

मग मंडईतूनच आणावे आणि हात स्वच्छ ठेवावेत? हे सर्वांत मोहाचे आणि सर्वांत खोटे उत्तर आहे. मंडईतल्या कारल्यासाठीही माशी मेलेलीच असते, फक्त ती दुसऱ्याच्या हातून मेलेली असते. आणि तिथे मरणारी केवळ माशीच असते असे नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत गेले. तोंडाला फडके बांधून, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत घुसून ते फवारत होते. कापूस खाल्ला जात नाही, पण भाजीच्या शेतातला पंप काही वेगळा नसतो. हिंसा मजुरीवर दिली की ती नाहीशी होत नाही. परसात चार वेल लावण्याला धर्मदृष्ट्या काही मोल असेल तर ते हे, की खाण्यासाठी काय मरते ते खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते.

डोळ्यांसमोर आले की उपायांतला फरक कळू लागतो. कारले कोवळे असतानाच कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी चढवली, तर माशीची नळी आत पोहोचत नाही; कोणी मरत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, रोज वेल तपासावा लागतो, पावसात कागद भिजून फाटतो. अप्रमाद म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा सापडणार नाही. पूर्ण वेलावर जाळी टाकली तर माशीबरोबर मधमाशीही बाहेर राहते आणि नर-मादी फुलांची भेट हातांनी घालून द्यावी लागते. निंबोळी अर्क अनेकांना निर्दोष वाटतो: पन्नास ग्रॅम दळलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळून, थोडा साबण घालून फवारायची. तिच्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे अळीची खाण्याची इच्छा जाते आणि तिला कात टाकता येत नाही. जुन्या कातडीत अडकून ती मरते. माणसाला आणि मातीला निंबोळी सौम्य आहे, म्हणून ती वापरावी हे योग्यच. पण अळीला ती सौम्य नाही. सेंद्रिय हे नाव लावले की हिंसा धुऊन निघाली, असे समजणे ही प्रमादाचीच एक रीत आहे. पिवळा चिकट सापळा पांढऱ्या माशीसाठी लावतात, त्यावर माव्याला खाणारा ढालकिडाही चिकटून तडफडतो. तो टांगणाऱ्याने चार दिवसांनी जवळ जाऊन बघितलेच पाहिजे.

माव्याकडे जवळून पाहिले तर दयेचा हिशेबही बदलतो. चवळीच्या शेंड्यावर काळ्या दाण्यांसारखी दाटी असते ती बहुतेक सगळी माद्यांची. उष्ण प्रदेशात त्यांना नराची गरज पडत नाही, अंडीही घालावी लागत नाहीत. त्या जिवंत पिले देतात आणि जन्मणाऱ्या पिलाच्या पोटात पुढची पिढी आकार घेत असते. शोषलेल्या रसातली जास्तीची साखर बाहेर टाकली जाते, ती प्यायला मुंग्या येतात, मिशांनी माव्याला थोपटून थेंब मिळवतात आणि ढालकिड्याला हुसकावून लावतात. ज्या मुंग्यांना पहाटे साखर घातली, त्या दुपारी माव्याची राखण करतात. इथे कोणाची बाजू घ्यायची? पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा खाली पाडावा, खोडावर मुंग्यांची वाट अडवावी आणि ढालकिड्याला त्याचे काम करू द्यावे, हा माळ्यांचा जुना सल्ला शहाणपणाचा आहे.

पण मग ढालकिड्याने मारले ते कोणाच्या खात्यावर? जैविक नियंत्रणात हा प्रश्न टोकदार होतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि पुण्यापर्यंत पसरला. त्यावर २०१० मध्ये बेंगळुरूच्या कृषी-कीटक संस्थेने प्वेर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणवल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपायी ही बारीकशी माशी ढेकणाच्या अंगात अंडी घालते, अळी त्याला आतून खाते. पपईच्या बागा सावरल्या, विषाची फवारणी वाचली. किडीच्या बंदोबस्तासाठी शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डावर ट्रायकोग्रामा या तशाच परोपजीवी माशीची जी अंडी येतात, तीही एका पतंगाच्या अंड्यांच्या आत वाढवलेली असतात. ते पतंग प्रयोगशाळेत एवढ्यासाठीच पाळायचे. डार्विनने २२ मे १८६० रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते की अळ्यांना जिवंतपणी आतून खाणाऱ्या अशा माश्या दयाळू, सर्वशक्तिमान ईश्वराने मुद्दाम निर्माण केल्या हे त्याला पटत नाही. डार्विनसाठी तो श्रद्धेचा पेच होता. बागेत तो हातांचा पेच होतो, कारण तिथे ती माशी माणूसच बोलावतो. तिला बोलावणे विषापेक्षा पुष्कळ बरे. पण बोलावणाऱ्याने आपला हात त्यातून सुटला असे मानू नये.

कीटकाला काही वाटते तरी का? तत्त्वार्थसूत्राने जिवांची उतरंड इंद्रियांवर लावली: कृमीला दोन, मुंगीला तीन, भ्रमराला चार, माणसाला पाच. मुंगीला डोळे असतात आणि कित्येक पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो, हे आता माहीत आहे, म्हणून ती यादी जशीच्या तशी घेता येत नाही. तिच्यामागची जाणीव मात्र खरी ठरते आहे. २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या प्रयोगात भुंग्यांनी काही बक्षीस नसताना लाकडी गोळ्या पुन्हा पुन्हा लोळवल्या; संशोधकांना ते खेळण्यासारखे वाटले. त्याच वर्षी ब्रिटनच्या कायद्याने खेकडे आणि माकुळ यांना संवेदनक्षम प्राणी मानले. कीटक अजून बाहेर आहेत. कीटकाच्या वेदनेबद्दल शंका आहे तोवर त्या शंकेचा फायदा कीटकाला मिळावा, त्यात माणसाचे फारसे काही जात नाही.

गांधीजींनी या बाबतीत एक भेद केला होता. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असह्य वेदनेत असलेल्या वासराला त्यांनी इंजेक्शन देववून मारले आणि देशभरातून टीका ओढवून घेतली. त्याच वादात आश्रमाच्या पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्न निघाला. वासराचा अंत वासरासाठी होता. माकडांना मारले तर ते आपल्या पिकासाठी, म्हणून ती हिंसाच, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या सोयीसाठी केलेल्या हिंसेला अहिंसेचे नाव द्यायला ते तयार नव्हते. पुढे सेवाग्रामला साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरलेला लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही तिथे पाहायला मिळतो. पण सापासाठी चिमटा होतो, माव्यासाठी होत नाही.

शेवटी प्रश्न वाट्याचा येतो. १५८७ मध्ये साव्हॉयमधल्या सेंट जुलियाँ गावात द्राक्षवेली खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर चर्चच्या न्यायालयात खटला चालला. भुंगेऱ्यांना वकील दिला होता, आणि त्याने बायबलच्या आधारे मांडले की झाडपाला खाण्याचा हक्क देवाने त्यांनाही दिला आहे. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी जमिनीचा तुकडा देऊ केला. वकिलाने ती जमीन निकस म्हणून नाकारली. आपल्याकडे महिपतींनी सांगितलेली तुकारामांची कथा घरोघरी ठाऊक आहे: राखणीला बसलेल्या तुकोबांनी पाखरांना हाकलले नाही, दाणे खाऊ दिले. त्या कथेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. शेत तुकोबांचे नव्हते. मालक भांडायला आला, पंचांपुढे भरपाईचा प्रश्न निघाला, आणि पुढे चमत्काराने रास वाढली म्हणून सुटका झाली. दुसऱ्याच्या शेतातली उदारता फुकट नसते, हे ती कथाच सांगते. घरच्या बागेला ही अडचण नाही. तिथले नुकसान लावणाऱ्याचेच असते, म्हणून तिथला वाटा खऱ्या अर्थाने देता येतो. पाच भेंड्यांतली एक अळीला गेली तर ती द्यावी. कर्जबाजारी शेतकऱ्याला हे सांगणे क्रूरपणाचे आहे. हौशी माळ्याला सांगणे रास्त आहे.

मात्र वाटा देणे आणि सोडून देणे यांत अंतर आहे. किडके कारले दया म्हणून वेलाखाली पडू दिले, किंवा तसेच खताच्या ढिगात टाकले, तर त्यातल्या अळ्या मातीत कोष करतात आणि पुढची फळमाशी तयार होते. ती कुंपण ओळखत नाही. ती शेजारच्या दोडक्यावर जाते, आणि शहराच्या कडेला असाल तर भाजी विकून घर चालवणाऱ्याच्या मळ्यावर जाते. मग तो पंप खांद्याला लावतो. म्हणून पडलेली किडकी फळे रोज वेचायची, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ऊन मिळेल तिथे ठेवायची किंवा खोल पुरायची. पिशवीतल्या अळ्या त्यात मरतात. हे काम ज्याचा वेल त्यानेच, स्वतःच्या हाताने करायचे आहे. ते केले नाही, तर त्या अळ्यांपेक्षा कितीतरी जास्त जीव दुसऱ्या कोणाला मारावे लागतात.